मुंबईत १९२१ साली हजारातली ६६७ बाळं दगावली? हा आकडा वाचायचा कसा?

परळकर७७

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी गिरणगावातल्या जुन्या चाळींवर लिहितोय. आरोग्यावर दोन पानं द्यायची म्हणून वाचायला बसलो आणि एका तक्त्यापाशी अडकलो. १९२१ साली मुंबईत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे वर्षाच्या आतली सुमारे ६६७ बाळं गेली. एका खोलीत राहणाऱ्यांमध्ये हाच दर ८२८. दोन खोल्या असतील तर ३२२, तीन असतील तर १९१, चार किंवा जास्त असतील तर १३३. त्याच वर्षी इंग्लंड-वेल्सचा दर होता ८३.

८२८ म्हणजे सहा बाळांतलं जेमतेम एक वाचायचं. तेव्हा शहरातले दोन तृतीयांश लोक एका खोलीतच राहत होते. मग गिरणगाव भरलं कसं? आकडा म्युनिसिपालिटीच्या आरोग्य खात्याचा, त्यामुळे थाप म्हणून सोडून देता येत नाही, आणि जसाच्या तसा छापायला हात धजत नाही. जाणकारांनी सांगावं.

मालवणी_खाजा

गिरणगाव भरलं बोटीने. भाऊच्या धक्क्यावर उतरून. पाळण्यातून नव्हे. :)

आकडेमोड

खाजासाहेबांनी गमतीत उत्तरच देऊन टाकलंय. १९२१च्या जनगणनेत मुंबईतल्या शंभरातले चौऱ्याऐंशी लोक मुंबईबाहेर जन्मलेले होते, आणि बाहेरून येणाऱ्यांत रत्नागिरी जिल्हा सगळ्यात पुढे. हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास.

आता प्रश्न असा की ज्या थोड्या बायका मुंबईत होत्या, त्या बाळंतपणाला कुठे जायच्या? गावी. माहेरी किंवा सासरी, पण गावी. तिथे मूल जन्मणार, तीन-चार महिन्यांचं झालं की आई त्याला घेऊन परत चाळीत येणार, कारण गिरणीतला खाडा किती दिवस परवडणार? जन्म झाला रत्नागिरीत, मुंबईच्या रजिस्टरात त्याचा पत्ता नाही. आणि ते मूल दुर्दैवाने चाळीत गेलं तर मृत्यू मात्र मुंबईचा.

मनातले आकडे घेऊन सांगतो (खरे नाहीत, हिशोब कळावा म्हणून). एका वाडीत वर्षाला १०० बाळं. त्यांतली ४० मुंबईत जन्मली आणि नोंदली गेली, ६० गावाहून आणली. वर्षाच्या आत २७ गेली, सगळी मुंबईत. खरा दर हजारी २७०. पण आरोग्य खातं २७ ला ४० ने भागणार, आणि दर येणार ६७५! वर दिलेल्या आकड्याच्या अगदी शेजारी.

म्हणजे अंश मोजला एका लोकसंख्येचा आणि छेद घेतला दुसरीचा. उरलेली ६० बाळं मात्र रत्नागिरीच्या छेदात बसली, त्यामुळे त्या जिल्ह्याची तब्येत कागदावर आहे त्याहून चांगली दिसणार.

सुरंगी

आकडेमोड, प्रतिसाद फार आवडला. वाचनखूण साठवली.

रोखठोक

म्हणजे थोडक्यात आकडा बोगस. मग शंभर वर्षं सगळे अभ्यासक तोच का उगाळतायत? मला तर वाटतं साहेबाने मुद्दाम फुगवला असेल, नेटिवांच्या घाणेरड्या सवयी दाखवायला. नाहीतर लपवला तरी असेल. दोन्हीपैकी एक नक्की.

मालवणी_खाजा

@रोखठोक, फुगवला आणि लपवला दोन्ही? साहेब फारच कामसू होता म्हणायचा.

जुनी_दप्तरं

रोखठोक, लपवला म्हणता येणार नाही. आरोग्य अधिकाऱ्याचा वार्षिक अहवाल दरवर्षी छापला जायचा, त्यातलेच हे तक्ते. खोल्यांच्या संख्येनुसार बालमृत्यू वेगळे करायचे हे सुचणं हीच त्या काळात मोठी गोष्ट होती. आणि खात्याला बाहेरगावच्या जन्मांचा घोटाळा माहीत नव्हता असंही नाही; बाहेर जन्मलेली बाळं वगळून दुरुस्त दर काढायचे प्रयत्न तेव्हाच झाले.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. जन्माची नोंद आणि मृत्यूची नोंद या दोन गोष्टी एकाच वहीत शेजारी-शेजारी दिसल्या तरी त्या सारख्या पक्क्या नसतात. जन्म कळवायचा म्हणजे घरातल्या कुणीतरी उठून जायला हवं. सुईणीने घरात बाळंतपण केलं, बाप गिरणीत कामावर, कोण जाणार? मृत्यूचं तसं नाही. शहरात प्रेत कुठेतरी न्यावंच लागतं, मग सोनापूर असो की वरळी. तिथे कारकून वही उघडून बसलेला. म्हणून शहरात मरण चुकवता येत नाही ते नोंदीतही चुकत नाही, जन्म मात्र सहज निसटतो.

तळकोकणी_बाय

वरच्या मुद्द्यात एक भर. आपल्याकडे दात न आलेलं मूल दहन करत नाहीत, पुरतात. गावाकडे हे काम दोन माणसं गुपचूप उरकून येत. बांधाला, व्हाळाकडेला (ओढ्याकाठी). कोण सांगायला जातंय पोलीस पाटलाला? बारसंच झालेलं नसायचं, तर नोंद कुणाच्या नावाने करणार? मुंबईत तेच मूल पुरायचं तर दफनभूमीतच न्यावं लागायचं, आणि तिथे नाव लागायचं. म्हणजे गावात बाळाचा जन्म लिहिला गेला तरी मृत्यू सुटणार, आणि शहरात नेमकं उलटं.

आमच्या घरात पणजीच्या "गेलेल्या मुलांची" संख्या प्रत्येक आत्या वेगळी सांगते.

परळकर७७

बाय, हे डोक्यातच आलं नव्हतं. स्मरणिकेत वापरू का?

तळकोकणी_बाय

वापरा की. फक्त आत्यांबद्दलचं वाक्य नको, त्या स्मरणिका वाचतात.

दवाखान्यातली

आकडेमोड यांचा हिशोब मान्य, पण धागा "मग सगळं आलबेल होतं" या दिशेला जायला लागलाय, म्हणून लिहिते.

समजा ६६७ मधले अर्धे गुण कापले. तरी उरतात तीनशेच्या वर. इंग्लंडच्या चौपट. दहा बाय सोळाची खोली, आत चूल, धूर जायला वाट नाही, एका खोलीत कधी कधी दोन कुटुंबं. खाली सामाईक संडास आणि मोरी, पावसाळ्यात सगळं तुंबलेलं. जुलाब आणि न्यूमोनिया, बाळं मारायला ही दोन पुरेशी आहेत, आजही. त्यात आई गिरणीत दहा तास, म्हणजे अंगावरचं दूध दिवसभर नाही.

आणि अफू. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंचा अहवाल १९२२ साली लेबर गॅझेटमध्ये आला. गिरणी कामगार बायकांच्या बाळांपैकी ९८ टक्क्यांना अफू दिली जाते असं त्यात म्हटलंय. बाळगोळी. आई कामाला जाताना गोळी द्यायची, बाळ संध्याकाळपर्यंत गप्प पडून. गुंगीतलं मूल दूध मागत नाही, रडत नाही, सुकत जातं. मग सर्दीचं निमित्त होतं. रजिस्टरात लिहिलं जातं "श्वसनविकार". अफू कुठेच येत नाही.

शेवगा

आमच्याकडे विदर्भातही बाळगोळी होती, शेतावर जाणाऱ्या बायकाही द्यायच्या. फक्त गिरणीच्या नावाने खडे फोडू नका. अवांतर: बाळगुटी वेगळी हो, ती उगाळून देतात. कुणी गोंधळ करू नये.

आकडेमोड

@दवाखान्यातली, आलबेल होतं असं मी म्हटलेलं नाही. उलट मला तुमच्या मदतीला धावणारा एक मुद्दा आणि विरोधात जाणारा एक मुद्दा दिसतो.

विरोधातला आधी. १९२१ ला ६६७, आणि दुसऱ्याच वर्षी हा दर चारशेच्या आसपास उतरला. एका वर्षात चाळी रुंद झाल्या नाहीत, अफू बंद झाली नाही, नळाला पाणी वाढलं नाही. मग एवढी घसरण कशी? जगण्यात एवढा फरक एका वर्षात पडत नाही, नोंदीत पडू शकतो. जन्म जास्त नीट नोंदले गेले की छेद वाढतो आणि दर आपोआप खाली येतो. १९२९ पर्यंत तो तीनशेच्या घरात आला. त्यातलं किती श्रेय दुधाला, किती दाईला आणि किती कारकुनाला, हे वेगळं करणं अवघड आहे.

मदतीचा मुद्दा: खोल्यांची उतरंड. ८२८, ३२२, १९१, १३३. एक खोलीवाले जास्त प्रमाणात गावी जात, म्हणून त्यांचा आकडा सगळ्यात जास्त फुगणार, हे कबूल. पण दोन आणि चार खोल्यांमधला फरक तरी तेवढ्याने भागत नाही. तिथे राहणारे बहुतेक कारकून, छोटे व्यापारी. तरी दुपटीहून जास्त फरक.

दवाखान्यातली

अजून एक गोम सांगते. त्याच प्रकारच्या तक्त्यांत रुग्णालयांचा रकाना वेगळा असतो. कामा हॉस्पिटलमध्ये बाळंत झालेली बाई पाच-सहा दिवसांनी घरी जाणार कुठे? एका खोलीतच. पण जन्म पडला रुग्णालयाच्या खात्यात, आणि बाळ दोन महिन्यांनी गेलं तर मृत्यू एका खोलीच्या खात्यात. म्हणजे छेद दोन बाजूंनी पोखरलेला. १९२६ साली परळला वाडियांचं प्रसूतिगृह आणि केईएम सुरू झाल्यावर हा प्रकार वाढलाच असणार.

रोखठोक

ठीक आहे, बोगस हा शब्द मागे ठेवतो. पण मग मोठ्या माणसांच्या मृत्यूदराचं काय? तोही असाच फुगलेला का?

गिरणीबाबा

नाही, तो उलटा. माझे आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ साच्यावर कामाला होते. त्या पिढीतलं शहाणपण असं की खोकल्यातून रक्त पडायला लागलं की गावची वाट धरायची. खानावळीत आजारी माणसाला कोण बघणार? गाळ्यात पंधरा-वीस जण आळीपाळीने झोपणारे, तिथे मरणं म्हणजे बाकीच्यांची पंचाईत. मधला भाऊ असाच गावी जाऊन दोन महिन्यांत गेला. क्षय मुंबईचा, मयत संगमेश्वर तालुक्याचं. त्याने जाताना घरात अजून दोघांना तो आजार दिला तो वेगळाच.

त्यामुळे तरण्या पुरुषांनी भरलेलं शहर, आणि आजारी पडले की ते शहर सोडून जाणार. मृत्यूदर कमी दिसला नाही तरच नवल.

आकडेमोड

बाबा, दंडवत.

यात जनगणनेचा घोळही धरा. दर काढताना लोकसंख्या मागच्या जनगणनेची घ्यायची रीत होती. १९११ ला मुंबई ९,७९,४४५. १९२१ ला ११,७५,९१४. मधल्या काळात युद्धामुळे गिरण्या, गोदी जोरात, माणसं लोटली. समजा १९२० साली ५०,००० मृत्यू झाले (पुन्हा मनातला आकडा), तर जुन्या लोकसंख्येने दर येतो हजारी ५१, नव्याने साडेबेचाळीस. एकही माणूस कमी न मरता दर साडेआठने उतरतो.

मालवणी_खाजा

म्हणजे आरोग्य सुधारायचा सगळ्यात स्वस्त उपाय जनगणना! कळवा कुणीतरी पालिकेला.

जुनी_दप्तरं

जाता जाता, गावच्या नोंदी कशा व्हायच्या ते सांगायला हवं, नाहीतर मुंबई तेवढी गोंधळलेली आणि जिल्हे नेटके असं वाटेल.

मुलकी रचनेतच ते काम होतं. पाटलाने खबर ठेवायची, कुलकर्णी किंवा तलाठ्याने वहीत चढवायची, महिन्याचा गोषवारा तालुक्याला, तिथून जिल्ह्याला आणि पुढे आरोग्य खात्याला. खबर आणून द्यायची कुणी? गावकामगार महाराने. मयताचा सांगावा परगावी पोचवणं हेही वतनाच्या कामातच होतं. म्हणजे ज्याला पाटलाच्या ओट्यावर चढू देत नसत, त्याच्या तोंडी निरोपावर मुंबई इलाख्याची आकडेवारी उभी.

मृत्यूच्या कारणांचे रकाने मोजके. पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण-अतिसार, श्वसनविकार, अपघात-सर्पदंश-आत्महत्या आणि "इतर". पटकी, देवी आणि प्लेग गावात सगळ्यांना ओळखू यायचे. बाकी सगळा माल तापाच्या खात्यात. हिवताप, विषमज्वर, बाळंतज्वर, क्षय, काहीही असो, अंग तापलं होतं ना? मग ताप. गावच्या कारकुनाला दोष देऊन उपयोग नाही, वैद्यच नव्हता तिथे दाखला कोण देणार?

आणि खरी मोठी आपत्ती आली की ही यंत्रणाच आडवी व्हायची. १९१८च्या इन्फ्लुएंझात मुंबईत ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले, कारण शहरात मोजायला कुणी होतं. खेड्यात पाटीलही अंथरुणात आणि कुलकर्णीही. १९२१च्या जनगणनेत माणसं कमी भरली तेव्हा कुठे खड्ड्याची खोली कळली.

शेवगा

हीच ती कोतवाल बुकं ना? जुना गाव नमुना १४? २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला तहसीलात गर्दी झाली होती तीच. आमच्या चुलत्याने आमच्या गावाचं १९२०-३० मधलं पुस्तक पाहिलं. पानं अशी कडक झालेली की उलटताना तुटतात, सगळं मोडीत. एका कार्यालयात तर गठ्ठे जिन्याखाली ठेवलेले.

रोखठोक

त्या नोंदींवरूनच तर सगळं रामायण चाललंय. माझं स्पष्ट मत...

व्यवस्थापक_चौकट

आरक्षणावर वेगळा धागा आहे, तिकडे लिहा. इथले पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत.

बार्देशकार

गोंयांतल्या माणसाची भर. आमच्याकडे पोर्तुगीज प्रजासत्ताक आल्यावर सरकारी नोंदणी सुरू झाली, त्याआधी चर्चची रजिस्टरं. बाप्तिस्मा आणि दफन दोन्ही पाद्रीच्या वहीत, त्यामुळे ख्रिस्ती घरांचं बाळ सहसा सुटायचं नाही. हिंदूंचं काय ते विचारू नका, तुमच्या बांधासारखंच. बाकी आमचे तारवटी (बोटीवर काम करणारे) मुंबईत धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक खोल्यांत राहायचे आणि आजारी पडले की गावी. गिरणीबाबांशी शंभर टक्के सहमत.

सुरंगी

मला एक विचारायचंय. आकडा चुकीचा असला तरी त्याने काही चांगलं घडलं का? की नुसताच अहवालात राहिला?

गिरणीबाबा

घडलं. १९२८ ला मुंबई कायदेमंडळात प्रसूती भत्त्याचं विधेयक आलं, डॉ. आंबेडकरांनी पाठिंब्याचं भाषण केलं. १९२९ ला कायदा झाला, देशात पहिला. बाईला बाळंतपणाच्या आधी-नंतर काही आठवडे भत्ता. मालकांची कुरकुर होतीच. बालमृत्यूचे आकडे त्या चर्चांच्या पाठीशी होते. घरांच्या बाबतीत त्याआधीच १९२० मध्ये विकास खातं (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) निघालं आणि त्याच्या बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीला १२. पण खोली एकच, १६० चौरस फूट! म्हणजे एका खोलीत बाळं जगत नाहीत असा तक्ता हातात असताना सरकारने हजारो नव्या एकेक खोल्याच बांधल्या.

दवाखान्यातली

गिरणीबाबा, हा तक्त्यातला विरोधाभास कुणी एवढा सरळ मांडलेला मी वाचला नव्हता. आणि त्याच १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. दारात किती जण गेले असतील देव जाणे, तेव्हा त्यांची टवाळीच जास्त झाली.

रोखठोक

१६० चौरस फुटांवर सरकारला का दोष? भाडं परवडायला हवं ना. मोठ्या खोल्या बांधल्या असत्या तर गिरणी कामगार त्यात पाऊल तरी ठेवू शकला असता का? बीडीडीच्याच खोल्या सुरुवातीला रिकाम्या पडल्या होत्या.

गिरणीबाबा

रोखठोक, आज पहिल्यांदा तुमचं पटलं. गिरणीपासून लांब, रस्ते नाहीत, बाजार नाही, म्हणूनही लोक जायला तयार नव्हते.

परळकर७७

सगळ्यांचे आभार. एवढं सगळं येईल वाटलं नव्हतं. आता नेमका प्रश्न पुन्हा विचारतो, कारण छापखान्याची तारीख जवळ आलीय: तक्ता छापू की नको?

आकडेमोड

छापा. पण "शंभरातली ८३ बाळं मेली" असं वाक्य त्याखाली लिहू नका. "नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे" हे शब्द गाळू नका, सगळी मेख तिथेच आहे. आणि एका खोलीचा ८२८ एकटा देऊ नका, चारही रकाने द्या.

तळकोकणी_बाय

आणि गावी बाळंतपणाचं वाक्य तक्त्याच्या वर घाला, खाली नको. खालचं कुणी वाचत नाही.

जुनी_दप्तरं

शक्य असेल तर एक छोटं काम करा. तुमच्या मंडळातल्या जुन्या घरांपैकी ज्यांचं मूळ गाव एकाच तालुक्यात आहे अशी पाच-सहा निवडा. १९२० च्या दशकातले त्यांच्या घरातले जन्म त्या गावच्या कोतवाल बुकात सापडतात का पाहा. आई मुंबईची रहिवासी आणि जन्म गावचा, अशा चार नोंदी जरी मिळाल्या तरी स्मरणिकेला कुठल्याही तक्त्याहून वजन येईल. तहसीलात अर्ज करा, प्रमाणित नक्कल मागा. मूळ पुस्तक हातात मिळेलच असं नाही.

परळकर७७

कल्पना झकास. चार घरं तर आत्ताच डोळ्यासमोर आहेत, सगळी देवरुखकडची. पण मोडी वाचणार कोण? आमच्यात एकालाही येत नाही.

शेवगा

मी मोडीचा वर्ग केलाय. सरकारी कारकुनाचं मोडी असेल तर वाचून देईन, पाटलाच्या हातचं असेल तर देव तारी. फोटो पाठवाल तेव्हा पान सपाट ठेवा, मोबाईलची सावली पडू देऊ नका आणि रकान्यांचं डोकं असलेलं पहिलं पान विसरू नका, त्याशिवाय कुठला आकडा कशाचा ते लागत नाही.

मालवणी_खाजा

आणि स्मरणिकेत जाहिरात हवी असल्यास आमचं खाज्याचं दुकान आहे. अर्धं पान. दर नोंदलेल्या जन्मांवर नव्हे, छापील प्रतींवर लावा.